गाडीखालचं केळीचं पान

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारचे महाजनकाका रोज सकाळी उठले की आधी गाडीखाली वाकायचे. दात घासणं, चहा, देवपूजा हे सगळं त्यानंतर. गाडीखाली आदल्या संध्याकाळी पसरून ठेवलेलं एक केळीचं पान असायचं. ते पान ते दोन्ही हातांनी अलगद ओढून काढायचे, उजेडात धरायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, पुन्हा नाकावर आणायचे. मग कंपाउंडच्या भिंतीवरून मला हाक यायची.

"सर! गळू राहिलं हो अजून!"

ही हाक आली की मला दाढी अर्धी टाकून जावं लागे. पानावर इंजिन ऑइलचे काळे थेंब पडलेले असत. काका त्यांची जागा बोटाने दाखवत. "काल इथं पडलं होतं, आज इथं पडलं. मतलब गळती सरकू राहिली." मी मान हलवत असे. मी आमच्या बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या एका शाळेत गणित शिकवतो आणि यंत्राशी माझं नातं एवढंच, की स्कूटर सुरू झाली नाही तर मी ती ढकलत नेतो. तरीही काकांनी मला आपल्या दुरुस्तीच्या कामात ओढलं होतं. माझं काम टॉर्च धरायचं. तो मी नीट धरत नाही, अशी त्यांची कायमची तक्रार.

प्रल्हाद महाजन हे त्यांचं पूर्ण नाव. सारा जन्म त्यांनी केळीच्या आडतीवर मुनिमी केली. उंच, सडपातळ बांधा, पांढरा हाफ शर्ट, आणि एकूण एक शर्टावर तपकिरी डाग. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटेपर्यंत जात नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुसरा माणूस असे शर्ट बाद करतो. काका ते इस्त्री करून घालायचे आणि वर एकेका डागाची ओळख करून द्यायचे. "हा शाहपूरचा माल. हा नेपाकडचा. हा कोपऱ्यातला पाहा, हा त्या पावसाळ्यातला, ट्रक फसला होता तवाचा."

माणूस निवृत्त झाला, तरी डोक्यातली केळी काही उतरली नव्हती. गाडीचं ऑइल तपासायची जी लोखंडी पट्टी असते, ती ओढून काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि टोकाला लागलेलं ऑइल दोन बोटांत चोळून त्याचा वास घ्यायचा, हा त्यांचा नेम. निकाल केळीच्या भाषेत. ऑइल सोनेरी असलं तर "कच्चा माल हाये". जरा गडद झालं की "गदरलं", म्हणजे अर्धवट पिकलं. आणि काळं पडलं की काका मान हलवून म्हणायचे, "पार पिकलं सर. आता उतरवल्याबिगर इलाज नाही." ज्या गाडीला महिन्यातून एकदा गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन परत आणलं जातं, तिचं ऑइल पिकतं कसं, हे विचारायची माझी छाती नव्हती.

गाडी म्हणजे एक पांढरी, छोटी, सेकंडहँड गाडी. काचा हाताने फिरवायच्या. आधीचा मालक खंडव्याचा डॉक्टर होता म्हणे. जुन्या गाड्या विकणारे सगळ्याच गाड्या डॉक्टरांच्या असल्याचं सांगतात, त्यामुळे देशात डॉक्टर कमी आहेत यावर माझा विश्वास बसत नाही. काकांनी ती घेतली तेव्हा आख्खी गल्ली चकित झाली होती. आयुष्यभर सायकलवर फिरलेला माणूस उतारवयात गाडी शिकतो, तीही घरात खाणारी दोनच तोंडं असताना. मूलबाळ नव्हतं. काका आणि इंदूकाकू, दोघंच.

गाडी घेतली ती काकूंसाठी. काकूंचं माहेर शाहपूर. इथून म्हणाल तर हाकेच्या अंतरावर, पण काकूंना बस लागायची. ताप्तीचा पूल ओलांडला की त्यांना मळमळायला लागायचं आणि शाहपूर येईस्तोवर हातातली पिशवी भरायची. माहेरच्या अंगणात त्या कायम पांढऱ्याफटक चेहऱ्याने उतरायच्या. तरी एकही सण चुकवायच्या नाहीत. जायचं ठरलं की दोन दिवस आधीपासून लिंबू हुंगत बसायच्या.

गाडी आल्यावर भाऊबीजेला दोघं पहिल्यांदा तिने शाहपूरला गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा काकू गाडीतून उतरून आधी आमच्याकडे आल्या. "सुनीता," त्यांनी माझ्या बायकोला दारातूनच सांगितलं, "एक उलटी नाही ग! पुलाच्या पुढं यांनी काच खाली केली, अशी हवा आली म्हणते! आन् आमचा भास्कर तर गाडी पाहून धावतच आला. माझ्याकडचं दार त्यानं स्वतः उघडलं. मी कशी राणीसारखी उतरली." नंतर हेच त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. काका मागे उभे राहून, जणू यात आपला काहीच हात नाही, अशा चेहऱ्याने आभाळाकडे बघत होते.

पौषात काकूंना न्युमोनिया झाला आणि बघता बघता त्या गेल्या. गाडीतून त्यांचा माहेरचा प्रवास तो एकच.

पुढे बरेच दिवस गाडीवर धूळ साचत राहिली. आम्ही सगळे रीतीप्रमाणे काकांकडे जाऊन बसत होतो. तेरावं झालं, माणसं पांगली. ज्याचा त्याचा संसार, ज्याची त्याची कामं. मीही भिंतीवरून "काय काका, बरं आहे ना?" एवढंच विचारायला लागलो होतो आणि ते "बरं हाये" म्हणत होते. दोघांनाही माहीत होतं की बरं काही नाही.

मग एके दिवशी काका बादली-फडकं घेऊन गाडी धुताना दिसले. काकूंच्या जागेवर, म्हणजे पुढच्या डाव्या सीटवर, त्यांनी पान्या-स्क्रूड्रायव्हरची लोखंडी पेटी ठेवली होती आणि तिला सीटबेल्ट लावला होता. मी हसून विचारलं तर म्हणाले, "वजन सारखं राहते सर. एका बाजूनं गाडी हलकी झाली की ओढते." त्या सीटवर त्यांनी मग कुणालाच बसू दिलं नाही. आमच्या समोर राहणाऱ्या कापडदुकानवाल्या गुप्ताजींना एकदा स्टेशनला सोडलं, तेही मागे बसवून.

उन्हाळा चढायला लागला आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आणि खाली खानदेशात आखाजीचं महत्त्व दिवाळीपेक्षा जास्त. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, मांडे आणि आमरस होतो. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागरही भरतात. काकूंचे धाकटे भाऊ भास्करभाऊ रोज फोन करत होते. काका फोन कायम मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे तो भिंतीपलीकडे आम्हालाही ऐकू येई.

"दाजी, आखाजीले या बरं. ताईची पहिली आखाजी हाये. तिची घागर औंदा इथंच भरू."

"येतो ना. गाडीचं ऑइल बदलू राहिलो. ते झालं की निघतो."

"मंग बसनं या ना दाजी."

"घरी गाडी असताना बसनं? ताई काय म्हणन तुझी?"

यावर भास्करभाऊ फोन ठेवत. काका आखाजीला शाहपूरला जातात की नाही, हा प्रश्न असा ऑइलवर येऊन ठेपला.

ऑइल गॅरेजमध्ये बदलून मिळतं, हे मी सुचवून पाहिलं. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सर, ते लोक गाडी खोलतात, ऐकत नाहीत." काका ऐकत होते. मोबाइलवर कुण्या हिंदी बोलणाऱ्या तरुणाचे व्हिडिओ त्यांनी इतक्यांदा पाहिले की "नमस्कार दोस्तों" हे शब्द आमच्या घरात सकाळच्या भूपाळीच्या जागी आले.

पहिल्या रविवारी मोठा सोहळा झाला. पुढची चाकं फळ्यांच्या उतारावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. जुनं ऑइल कशात काढायचं, हा प्रश्न आला. सुनीता म्हणाली, काकूंची जुनी परात आहे ना. काका एकदम म्हणाले, "ती नको." मग त्यांनी परसातल्या केळीचं सोपट सोललं, म्हणजे खोडाचा तो लांब खोलगट पापुद्रा, आणि त्याची पन्हळ करून एक टोक गाडीखाली, दुसरं बादलीत असं लावलं. ही केळ काकूंनीच शाहपूरहून आणून लावलेली. युक्ती इतकी नामी होती, की गुप्ताजींनी तिचा फोटो काढला.

काका गाडीखाली गेले. मी टॉर्च धरला. खालून दोन नट दिसत होते. काकांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि एक निवडला. पान्याने तो सैल केला, ऑइलची धार सोपटावरून बादलीत आली. काका बाहेर येऊन बादलीत पाहतात तर ऑइल बऱ्यापैकी स्वच्छ.

"अरे, हा तर कच्चा माल निघाला!" काका खूश झाले. "डॉक्टर शौकीन होता म्हणायचा." नट बंद करून त्यांनी वरून नवीन ऑइलचा डबा इंजिनात रिकामा केला, हात पुसले आणि गाडी सुरू केली. मागून निळा धूर निघाला. तो वाढत वाढत गेला आणि आमची गल्ली दिसेनाशी झाली. गिअर टाकला तर आतून असा आवाज आला, की गुप्ताजींनी कानांवर हात ठेवले.

"महाजन साहब," धुरातून गुप्ताजींचा आवाज आला, "ऑइल बदला है या हवन किया है?"

पट्टी काढून पाहिली तर ऑइल खुणेच्या कितीतरी वर. मग आम्ही भिंतीला पाठ टेकून हिशोब मांडला. इंजिन तुडुंब भरलंय, म्हणजे जुनं ऑइल आतच आहे. मग बादलीत आलं ते काय? काकांनी बादलीत बोट बुडवून वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते गिअरबॉक्सचं होतं. जे काढायचं ते तसंच होतं, जे ठेवायचं ते काढलं होतं. "चुकीच्या झाडाचा घड उतरवला, सर," काका म्हणाले. काकू गेल्यानंतर त्यांना पहिल्यांदा मी पोट धरून हसताना पाहिलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा आम्ही सगळे धुराला नावं ठेवायला लागलो.

पुढच्या रविवारी चूक दुरुस्त झाली. गिअरबॉक्सला त्याचं ऑइल, इंजिनाला त्याचं. त्याबरोबर ऑइल गाळणारा फिल्टरही बदलायचा ठरला. तो जाम बसला होता. त्याला स्कूटरची जुनी ट्यूब गुंडाळून काकांनी आणि मी मिळून फिरवला, तेव्हा कुठे सुटला. नवा फिल्टर बसवला. गाडी सुरू केली, धूर नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली काळं डबकं.

थेंब कुठून येतो ते कळावं म्हणून काकांनी गाडीखाली केळीचं पान पसरायला सुरुवात केली ती तेव्हापासून. हिरव्या पानावर काळा थेंब स्वच्छ दिसतो. रोज संध्याकाळी परसातल्या केळीचं ताजं पान कापायचं आणि गाडीखाली अंथरायचं. गल्लीतली सगळी माणसं त्या पानाच्या निमित्ताने काकांच्या अंगणात जमायला लागली. ऊन उतरलं की काका अंगणात पाणी शिंपडत, खुर्च्या मांडत आणि स्वतः चहा करत. तो इतका गोड असे की गुप्ताजी त्याला खीर म्हणायचे. प्रत्येकाचं निदान वेगळं. कुणी म्हणे खालच्या नटाचं तांब्याचं वॉशर चपटं झालंय. ते बदललं. कुणी म्हणे नट जास्त आवळलाय. तो सैल केला, मग पुन्हा आवळला. गुप्ताजींचं मत होतं की गाडी मुळात बसायच्या लायकीची नाही, तिच्यावर काकडीचा वेल चढवावा.

एवढ्या गर्दीत काका रमलेले दिसायचे. दुःखात भेटायला येणारे तेराव्यानंतर येईनासे होतात, पण गळक्या गाडीला भेटायला माणसं रोज येत होती. हे मला त्या वेळी कळत होतं आणि म्हणून टॉर्च धरायचा कंटाळा आला तरी मी जात होतो.

शेवटी गळतीचं मूळ सापडलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, ते माझ्या टॉर्चमुळे सापडलं. मी तो नेहमीप्रमाणे चुकीच्या जागी धरला होता. काका ओरडले, "सर, तिकडं काय मारू राहिले?" आणि मग त्यांचाच आवाज बदलला. "थांबा. तिथंच धरा." नव्या फिल्टरच्या वर दोन रबरी कडी दिसत होती. एक नव्या फिल्टरचं. दुसरं जुन्याचं, इंजिनालाच चिकटून राहिलेलं. दोन रबरं एकावर एक बसल्यामुळे मधून ऑइल झिरपत होतं. काकांनी फिल्टर काढला, मी बोट घालून ते जुनं रबर ओढून काढलं, फिल्टर पुन्हा बसवला. गुप्ताजींनी जिलेबी मागवली. आखाजी तोंडावर आली होती. मी म्हटलं, "चला काका, आता शाहपूर."

"सकाळचं पान पाहू दे आधी," काका म्हणाले.

सकाळी भिंतीवरून हाक आली. "सर! गळू राहिलं हो अजून!"

मी गेलो. पानाच्या देठाकडच्या बाजूला, आणि खाली फरशीवरही, गडद डाग होते. थेंब लहान झाले होते, पण होते. मी निराश झालो. काकांनी फोनवर भास्करभाऊंना कळवलंदेखील, "नाही रे बाबा, अजून गळू राहिली." पुढच्या सकाळीही तेच. "नमुना ठेवा सर," असं म्हणून त्यांनी मला खिशातल्या रुमालाने फरशीवरचा डाग पुसायला लावला. मी तो रुमाल घरी येऊन धुण्यात टाकला आणि शाळेत गेलो.

दुपारी परत आलो तर सुनीता रुमाल हातात धरून दारातच उभी. "हा कशानं भरवला?"

"ऑइलनं. काकांच्या गाडीच्या."

"ऑइल नाही हे," ती म्हणाली. "उन्हाळाभर तुमच्या पायजम्यांचे ऑइलचे डाग काढते आहे मी. भांड्याच्या साबणानं निघतात. हा निघत तर नाहीच, उलट वाळल्यावर जास्त काळा पडला." तिने रुमाल माझ्या नाकाशी धरला. "अहो, केळीचा चीक आहे हा! बुऱ्हाणपुरात जन्म गेला आणि एवढं ओळखता येईना?"

मी रुमाल घेऊन उभाच राहिलो. ताजं पान कापलं की देठातून चीक पाझरतो. रात्रभर पान तसंच राहिलं, की पाझरलेला चीक वाळून काळपट होतो. ही नवी गळती गाडीची नव्हती, पानाचीच होती. आम्ही दोन दिवस वर इंजिनाकडे बघत होतो आणि खाली कुणी बघितलंच नव्हतं. मला आनंद झाला. भिंतीवरून उडी मारायचं माझं वय नाही, म्हणून मी फाटकातून पळत गेलो.

"काका! गाडी बरी आहे! हा चीक आहे, चीक! पानाचा!"

काका ओट्यावर पेटी घेऊन बसले होते आणि पाने-स्क्रूड्रायव्हर पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. एक पाना पुसून झाला होता, तोच ते पुन्हा पुसायला लागले. त्यांच्या अंगावर त्या दिवशीही डागाचाच शर्ट होता. माझं लक्ष त्या डागांकडे गेलं आणि माझा आनंद तिथेच विरला.

"सर," काका सावकाश म्हणाले, "उभा जन्म केळीत गेला माझा. मले चीक ओळखू येत नसंन का?"

मी ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

"गळती तर तुम्ही रबर काढलं, तवाच बंद झाली. मी पान उचललं, देठ सोडून कोरडं होतं. मले बरं वाटायला पाहिजे होतं ना? छातीत धस्स झालं." त्यांनी पाना पेटीत ठेवला आणि पुन्हा बाहेर काढला. "शाहपूरले गाडी लागली की सगळे डावीकडच्या दाराकडं पाहतीन, सर. भाऊबीजेले भास्कर कसा धावत आला होता. आता मी एकटाच उजवीकडून उतरू? तिच्या माहेरात? आन् तिच्या बहिणींचे झोके पाहत बसू?" त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला. "गाडी तिच्यासाठी घेतली. तिले एकदाच बसायले भेटलं. आता मी कोणत्या तोंडानं गाडीतून जाऊ?"

मी म्हटलं, "मी येतो तुमच्याबरोबर."

काकांनी गाडीकडे पाहिलं. "डावीकडं बसान का?"

"तुम्ही म्हणाल तिथं बसतो."

त्यांनी विचार केला. मग मान हलवली. "मागं बसा."

आखाजीच्या सकाळी काका आले ते कोऱ्या शर्टात. त्यांचा बिनडागाचा शर्ट मी पहिल्यांदाच पाहत होतो. पट्टी ओढून त्यांनी वास घेतला. "नंबर एक माल." पान दाखवलं. ते परवाचं कापलेलं होतं, चीक आटून गेलेलं. त्यावर काहीही नव्हतं. पुढच्या सीटवरची पेटी त्यांनी बेल्ट सोडून उचलली आणि मागे माझ्या शेजारी ठेवली. सीट हाताने झटकली, तिथे धूळ नव्हती तरी झटकली. गुप्ताजी दारात उभे राहून म्हणाले, "धीरे जाना, महाजन साहब." काका धीरेच गेले. गावाबाहेर पडेपर्यंत आम्हाला एका सायकलवाल्याने मागे टाकलं आणि पेटी प्रत्येक खड्ड्यात माझ्या मांडीवर आदळत राहिली.

ताप्तीचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा सुरू झाल्या. थोडं पुढे जाऊन काकांनी गाडी कडेला घेतली आणि उभी केली. मला वाटलं, काही बिघडलं. काका वाकले, रिकाम्या सीटवरून हात लांब केला आणि डावीकडच्या काचेचा हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली. मग सरळ बसले.

"ऊन लागन जरा," ते म्हणाले, "पन हवा येते."

हे मला उद्देशून नव्हतं. गाडी पुन्हा निघाली. रिकाम्या सीटवरून गरम वारा आत येत राहिला आणि मला इंदूकाकूंची इतकी आठवण आली, की मी शाहपूर येईपर्यंत बाहेरच बघत बसलो.

भास्करभाऊंच्या अंगणात कडुनिंबाला झोका बांधलेला होता. चार बायका आणि पोरं झोक्यापाशी होती, ती गाडी पाहून थांबली. काकांनी गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ते समोर बघत राहिले. त्यांचे खांदे ताठ झालेले मला मागून दिसत होते.

भास्करभाऊ आतून धावत आले. टोपी सावरत, पायात चप्पल नाही. ते उजवीकडे आले नाहीत. सरळ डावीकडे गेले आणि त्यांनी काकूंच्या बाजूचं दार उघडलं.

आत कुणी नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं. तरी ते दार धरून उभे राहिले. गुडघे दुखणाऱ्या बाईला आधी पिशवी, मग पदर सावरून एक पाय, मग दुसरा, असं उतरायला जितका वेळ लागतो, तितका वेळ उभे राहिले. मग त्यांनी दार हलक्या हाताने लावलं, गाडीला वळसा घातला आणि काकांच्या खिडकीशी वाकले.

"ताई उतरली, दाजी," ते म्हणाले. "आता तुमी उतरा."

तेव्हा कुठे काकांनी गाडी बंद केली.